नाट्यसमीक्षा आणि मूळशोध

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककारांवर धाक बसविला तो प्रामुख्याने मूळशोधाच्या बळावर. माधव मनोहरांचा परकीय नाट्यवाङ्मयाचा व्यासंग असा की, नव्या मराठी नाटकामागे दडलेले पाश्चात्त्य नाटक त्यांच्या नजरेतून सहसा निसटत नसे. स्वतंत्र म्हणून मिरविणाऱ्या लेखकास हा जाब विचारला जाणे इष्टच होते. उसनवारी हा दोष नव्हे. १९३३ साली नाट्यमन्वंतराने रंगभूमीवर आणलेली 'आंधळ्यांची शाळा' ब्यर्न्सनच्या नाटकावरूनच बेतलेली होती. दोष आहे तो लपवणुकीत.

परंतु मूळ सापडले की समीक्षेचे कार्य संपले, ही जी समजूत यातून रूढ झाली ती मात्र घातक ठरली. देवलांचे 'फाल्गुनराव' (१८९३) मर्फीच्या नाटकावर आधारलेले, मर्फीचे मोलिएरच्या. वंशावळ येथे पुरी होते. पुढे त्याच कथानकाचे 'संशयकल्लोळ' होऊन १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगविले, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला आणि परकीय मूळ प्रेक्षकांच्या ध्यानीमनीही उरले नाही. हे कशामुळे घडले? देवलांच्या संवादांमुळे, पदांमुळे, की बोडसांच्या अभिनयामुळे? मर्फीची संहिता कितीही चाळली तरी याचे उत्तर मिळावयाचे नाही, कारण ते प्रयोगात होते. आणि प्रयोग टिपून ठेवणे हे तर समीक्षकावाचून दुसऱ्या कोणाचेच काम नव्हे. नटाने विराम कोठे घेतला, प्रेक्षागृह कोठे स्तब्ध झाले, हे 'सर्वांची कामे समाधानकारक झाली' अशा ठरीव शेऱ्यावरून संशोधकाने कसे ताडावे?