किल्लारी : प्रश्नच चुकला होता

पाचोऱ्यात भर पावसाळ्यात व्याख्यान ठेवायचं म्हणजे संयोजकांचं धाडसच म्हणायचं. तरी खुर्च्या भरलेल्या दिसताहेत, बरं वाटलं.

आज मी एका वाक्यावर टीका करणार आहे. 'भूकंपाचं भाकीत करता येत नाही' हे ते वाक्य. तुम्ही म्हणाल, सर, हे तर खरंच आहे. आहेच. माझी तक्रार त्याच्या खरेपणाबद्दल नाही. ते कुठे आणि कशासाठी वापरलं जातं, त्याबद्दल आहे. खोटं वाक्य निदान खोडून तरी काढता येतं. खरं वाक्य चुकीच्या जागी ढाल म्हणून धरलं, तर त्याच्यापुढे भलेभले गप्प होतात.

३० सप्टेंबर १९९३. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं आपल्याला त्या दिवसापासून माहीत झाली. जवळपास ८ हजार माणसं गेली, काही हिशेब तो आकडा १० हजारांपर्यंत नेतात. तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात एवढे भूकंप दरवर्षी शंभरच्या आसपास होतात, आणि त्यातल्या बहुतेकांची बातमीसुद्धा होत नाही. मग इथे एवढी माणसं का मेली?

त्यानंतर आपण सगळ्यांनी ऐकलं ते हेच वाक्य. भाकीत करता येत नाही. शिवाय नकाशा होताच. भूकंपाच्या त्या वेळच्या अधिकृत नकाशात हा भाग पहिल्या पट्ट्यात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या भागात दाखवलेला होता. दख्खनचा कातळ स्थिर आहे अशी समजूत. कोयनेनं ११ डिसेंबर १९६७ रोजी ती समजूत एकदा हलवली होती, पण तिथे धरण होतं, तो वेगळा मामला म्हणून तो बाजूला ठेवला गेला.

आता त्याच्या आदल्या वर्षाकडे चला. १९९२च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारीला शंभराहून अधिक लहान धक्के बसले होते. त्यातला मोठा धक्का १८ ऑक्टोबरचा. लोक घाबरले, घराबाहेर झोपले, आमचं काहीतरी करा म्हणून सांगत राहिले. मग धक्के कमी झाले, आणि त्यांच्याबरोबर विषयही संपला. वर्षभरानं तीच माणसं त्याच भिंतींखाली सापडली.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, भूगर्भशास्त्र नाही. पण प्रश्न कसा विचारावा हे बघणं आमच्याच धंद्यात बसतं. १९९२ साली सगळे एकच प्रश्न विचारत होते : 'मोठा भूकंप येणार आहे का?' या प्रश्नाला कोणाकडेही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे म्हणणार, सांगता येत नाही. साहेब फाइलवर लिहिणार, निश्चित सांगता येत नाही. आणि 'सांगता येत नाही' याचं सरकारी भाषांतर होतं, 'काही करायची गरज नाही'. हे भाषांतर कोणी केलं, कधी केलं, कोणालाच कळत नाही. ते आपोआप होतं.

दुसरा एक प्रश्न होता : 'मोठा आला, तर या भिंती टिकतील का?' त्याला वेधशाळा लागत नव्हती. किल्लारीतला कुठलाही गवंडी उत्तर देऊ शकला असता.

या भिंती कशा होत्या? दोन-अडीच फूट जाड. बघणाऱ्याला किल्ल्यासारख्या वाटाव्यात. प्रत्यक्षात आतून एक पडदी, बाहेरून एक पडदी, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही पडद्या बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. सांधे मातीचे. डोक्यावर माळवद, आपल्याकडे ज्याला आपण धाबं म्हणतो. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे किती वजन? मी गणित केलं. साडेचार-पाच टन, कोरडी असताना. शिवाय पाणी गळायला लागलं की आपण काय करतो? वर आणखी माती टाकतो. तीस वर्षं प्रत्येक मृगाच्या आधी आपण आपल्याच डोक्यावरचं ओझं वाढवत जातो. जिथे आतले लाकडी खांब घट्ट होते, तिथे भिंती कोसळल्या तरी छत खांबांवर तरलं आणि माणसं वाचली, अशीही घरं तिथे होती. म्हणजे फरक कशानं पडतो हे डोळ्यांना दिसत होतं.

न्यायसूत्रांतल्या सोळा पदार्थांत 'संशय' तिसरा येतो, प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच पाठोपाठ. आपल्या नैयायिकांनी संशयाला शोधाची सुरुवात मानलं. आपल्या कारभारात तो शोधाचा शेवट असतो. खात्री नाही ना? मग फाइल बंद.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कोणी लाजू नये, किंवा सुटका झाली असंही समजू नये. इटलीत लाक्विला नावाचं शहर आहे. २००९ साली तिथे कित्येक आठवडे असेच लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांच्या समितीची बैठक झाली. एका अधिकाऱ्यानं पत्रकारांना सांगितलं की काळजीचं कारण नाही, लहान धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडतेय, हे चांगलंच आहे. त्या गावाची जुनी रीत होती, धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र उघड्यावर काढायची. या वेळी बरेच लोक दिलाशावर विश्वास ठेवून आत झोपले. ६ एप्रिलच्या पहाटे ३०९ माणसं मेली. पुढे खटला झाला, २०१२ साली सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभरातले हजारो शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि काय म्हणाले? भाकीत करता येत नाही! अपिलात २०१४ साली शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. शास्त्रज्ञांना तुरुंगात घालावं असं मलाही वाटत नाही. पण आरोप भाकीत चुकल्याचा नव्हताच, खोटा धीर दिल्याचा होता. बचाव मात्र न विचारलेल्या प्रश्नाचा झाला.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शंभर धक्के बसले म्हणून सरकारनं पन्नास गावं हलवायची का? पैसा कुठून आणणार? ठीक आहे, गावं हलवू नका. धाब्यावरची निम्मी माती उतरवा. कोपरे बांधून घ्या. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार सांधा द्या. हे सगळं नंतर केलंच की! भूकंपानंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, बावन्न गावं नव्यानं वसवली, हजारो जुनी घरं अशीच मजबूत केली गेली. म्हणजे तंत्र होतं, गवंडी होते, पैसाही उभा राहिला. फक्त आधी प्रेतं मोजावी लागली. मला राग येतो तो याचा.

आपल्याकडचंच बघा. ३१ ऑगस्ट २०२१, चाळीसगाव. इथून रेल्वेनं गेलात तर तासाभराच्या आत पोचाल. तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, वर कन्नड घाटात दरडी कोसळल्या, गुरं वाहून गेली. अशा प्रत्येक पुरानंतर पारावर वाक्य एकच : एवढा पाऊस पडेल असं वाटलं नव्हतं. पुन्हा पहिलाच प्रश्न! नदीचं पात्र किती उरलंय, हा प्रश्न पूर यायच्या आधी कोरड्या पायांनी जाऊन, टेप घेऊन मोजता येतो. आपली हिवरा मोजा ना एकदा.

आता स्वतःबद्दल बोलतो, नाहीतर हे फार सोपं होईल. आमचं घर याच तालुक्यातलं, धाब्याचं. किल्लारीनंतर महिन्याभरानं मी आप्पांना म्हणालो, वरची माती कमी करू या. आप्पा म्हणाले, साठ वर्षं उभं आहे घर, तुझ्या पुस्तकानं पडणार आहे का? पुढे अहिराणीत जे म्हणाले ते इथे सांगत नाही. मी वर्गात ह्यूम शिकवत होतो. काल सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेलच हे सिद्ध होत नाही, हे पोरांना घोकून घेत होतो. आणि घरी साठ वर्षांच्या त्या युक्तिवादापुढे गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटलं. खर्च वाचला, वाद टळला. आप्पा गेले, घर माझ्या नावावर झालं, तरी मी हात लावला नाही. किल्लारीवर मात्र दोन-तीन ठिकाणी भाषणं दिली! शेवटी २००६च्या पावसात मागची भिंत बसली. भूकंप वगैरे काही नाही, नुसती झड लागली होती. त्या भिंतीला लागून आईची खाट असायची. आई त्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे गेली होती.

तेव्हा साहेबाची फाइल आणि माझं घर यांत मला फारसा फरक करता येत नाही.

बरं. या सभागृहात ज्यांची घरं अजून धाब्याची आहेत, त्यांनी जरा हात वर करा. मागच्यांनीही करा, लाजू नका. सतरा, अठरा... वीसच्या वर आहेत. माझ्या शेजारी हे जे बसलेत, त्यांना तुम्ही मघापासून पाहुणे समजत असाल. ते गवंडी आहेत, चाळीस वर्षं हेच काम करतात. माझी अर्ध्या तासाची वेळ मी मुद्दाम आटोपती घेतलीय. राहिलेला वेळ त्यांचा. भिंत किती जाड, माती किती, कोपऱ्याला भेग आहे का, सगळं त्यांना विचारा. माइक तिकडे द्या.