कमळ, चेंडू आणि कोरा कागद

दैव आणि भाग्य यांच्या रूपकात्मक चित्रणाचा विचार आपल्याकडे बहुधा युरोपीय प्रतिमाशास्त्राच्या आधारे केला जातो. तेथील फॉर्च्यूना चाक फिरवते किंवा गोलावर तोल सावरत असते. ड्यूररच्या सुमारे १५०२ च्या 'नेमेसिस'मध्ये गोलावरील देवतेच्या हाती चषक आणि लगाम आहेत. पाहणाऱ्याला बजावणे, हे या चित्रांचे प्रयोजन.

रविवर्म्याची लक्ष्मीही पाण्यावरच्या कमळात, म्हणजे तितक्याच अस्थिर आसनावर उभी आहे. परंपरा तिला 'चंचला' म्हणते. चित्रात मात्र कमळ डुलत नाही, पाणी हलत नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातील रंगीत शिळाछापांनी लक्ष्मीचे हे रूप घरोघरी नेले. चित्र देव्हाऱ्यात गेले की त्याला बजावता येत नाही. पूजकाला हवी असते टिकणारी लक्ष्मी. येथे रूपकाने आपला अर्धा अर्थ गमावला, आणि तो केवळ चित्रकाराच्या हातून नव्हे.

मग उरलेला अर्धा अर्थ गेला कोठे? भाषेत गेला असावा. 'अक्काबाईचा फेरा' या शब्दप्रयोगात चाकाची गती शाबूत आहे. तिला चित्र मात्र नाही, दिवाळीत तिला हाकलणारी केरसुणी तेवढी आहे. दैवाची गोष्ट याहून वेगळी. आपल्याकडे दैव फिरत नाही, ते लिहिले जाते. सटवाईच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कागद सकाळीही कोराच असतो. जे कपाळावर लिहिले गेले ते कोणाला वाचता येत नाही. अशा कल्पनेचे चित्र काढायचे कसे? कोरेपण हेच तिचे चिन्ह. ते प्रतिमाशास्त्राच्या कोशात सापडणार नाही.

या दृष्टीने हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा ज्या मराठवाड्यात येतो, तेथील भाद्रपदातील महालक्ष्म्या अधिक बोलक्या वाटतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा शेजारी शेजारी बसतात. उत्सवाचा संबंध ज्येष्ठा नक्षत्राशी जोडतात, हे खरे. पण पुराणांतील ज्येष्ठा म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण, अलक्ष्मीच. छापील चित्राने जिला वगळले ती येथे मुखवटा लावून, नेसून, तितक्याच मानाने जेवायला बसते. अनेक घरांतले दोन्ही मुखवटे इतके सारखे असतात, की थोरली कोणती हे पाहुण्याला विचारावे लागते.