अपुरा संस्कार, पुरा संस्कार : मुंजा आणि हिनाको

कोकणातील भुतांची वर्गवारी मृत्यूच्या प्रकारांवर जितकी आधारलेली आहे, तितकीच ती संस्कारांच्या क्रमावरही आधारलेली आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वीच मृत्यू आला, तर तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते. आर. ई. एन्थोवेन यांनी जॅक्सन यांच्या कागदपत्रांवरून कोकणातील लोकसमजुतींचे संकलन १९१५ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी माहिती पुरविणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील शाळामास्तरही होते. या समजुतींत भूत म्हणजे समाजाने आखलेल्या वाटेवर मध्येच अडलेला जीव. भय वाटते ते संस्कार अपुरा राहिल्याचे; संस्काराविषयी शंका घेण्याचे कारणच तेथे उरत नाही.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट याच समजुतीवर उभा आहे. १९५२ सालच्या कोकणात गोट्या नावाच्या मुलाचे मन वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीवर जडते. तिचे लग्न दुसरीकडे होते, त्याची मुंज लावली जाते. तिला मिळविण्यासाठी तो अघोरी विधी करू पाहतो, आणि त्यात बळी द्यायला त्याला स्वतःची बहीणच सापडते. चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण क्षण हाच आहे. ज्याची इच्छा घरच्यांनी दडपली, तो मुलगा आपल्याहून दुबळ्या जिवाकडे त्याच न्यायाने पाहतो. मरणानंतर मुन्नीच्याच वंशातील बेलाशी लग्न लावून द्यावे, असा हट्ट तो धरतो. तिच्या संमतीचा प्रश्न त्याला पडत नाही. दडपला गेलेलाच दडपणाचे साधन बनतो, हे सूत्र दिग्दर्शकाच्या हाती आले होते. परंतु भुताच्या माकडचेष्टांना मिळणाऱ्या हशापुढे त्याने ते सोडून दिले.

कोनामीने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘सायलेंट हिल एफ’ हा जपानी व्हिडिओ गेम या रचनेची नेमकी उलट बाजू दाखवितो. रयूकिशी ०७ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची ही संहिता १९६० च्या दशकातील एबिसुगाओका या कल्पित गावात घडते. बाप आरडाओरडा करणारा, आई मुकाट सोसणारी, आणि शाळकरी हिनाको यांच्यामध्ये वाढलेली. धुक्याने भरलेल्या गावाखेरीज तिला आणखी एका अंधाऱ्या देवस्थानात नेले जाते. तेथे कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक पुरुष मृदू शब्दांत तिला एकामागून एक विधींतून पुढे नेतो. तिचा हात कापला जातो, पाठीवर कुलचिन्हाचा डाग दिला जातो, शेवटी चेहराही काढून घेतला जातो. कुणीही तिच्यावर ओरडत नाही. हे सारे म्हणजे लग्नाची तयारी आहे, हे क्रमाक्रमाने उलगडते. मुंजाच्या गोष्टीत संस्कार अपुरा राहिला म्हणून भूत जन्मते. येथे संस्कार पुरा होत जातो तसतशी जिवंत मुलगी नाहीशी होते.

आशयाइतकाच महत्त्वाचा प्रश्न रूपाचा आहे. पहिल्या वेळी खेळ कसाही खेळला तरी शेवट एकच येतो, आणि तो विनाशाचा असतो. निराळे शेवट दुसऱ्या डावापासून खुले होतात. मराठीत संसारालाही ‘डाव’ म्हणतात, आणि दुसरा डाव मांडण्याची किंमत रत्नागिरी जिल्ह्याला परिचित आहे. देवरुखच्या गोदूबाईंचे लग्न बालपणीच झाले आणि अल्पावधीत त्यांना वैधव्य आले. पुढे त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याची झळ गावातील घरच्यांनाही लागली. हिनाकोला दुसरा डाव खेळाच्या नियमानेच मिळतो. गोदूबाईंच्या बाबतीत नियम त्याच्या विरुद्ध होता. ‘माझे पुराण’ हे त्यांचे आत्मकथन या खेळाशेजारी ठेवून वाचले, तर खेळाने दिलेले स्वातंत्र्य किती स्वस्त आहे हेही दिसते.

या खेळावरचा दुसरा आक्षेप अधिक साधा आहे. लोखंडी नळीने विकृत आकृतींना झोडपत राहण्यात त्याचा बराच काळ जातो, आणि तेवढ्या वेळात दडपणाचा प्रश्न हाणामारीत विरघळतो. मात्र उशिराने गाठता येणाऱ्या एका शेवटात शाळकरी हिनाको आणि नववधूच्या वेषातील हिनाको एकमेकींशी समेट करतात. लग्नाला ती नकार देत नाही, होकारही देत नाही. स्वतः ठरविण्यासाठी वेळ मागते आणि तो तिला मिळतो. ‘मुंज्या’च्या पटकथेत बेलाला असा वेळ मागण्यासाठी एकही प्रसंग लिहिलेला नाही.