सुवर्णनाण्यांची प्रतवारी : एक परीक्षण

नाणी जमविणे हा छंद आणि नाण्यांचा अभ्यास करणे हे शास्त्र, असा भेद सामान्यतः करण्यात येतो. व्यवहारात मात्र ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून फारशी विलग राहिलेली नाहीत. संग्राहकाने जपलेले नाणे पुढे संशोधकाच्या हाती येते, आणि संशोधकाने लावलेल्या अर्थामुळे संग्राहकाच्या दृष्टीने त्या नाण्याचे मोल वाढते. म्हणूनच संग्राहक नाण्याची परीक्षा कोणत्या कसोटीवर करतो, हा प्रश्न केवळ बाजाराचा राहत नाही. गेल्या काही दशकांत दुर्मिळ सुवर्णनाण्यांच्या क्रयविक्रयात आकड्यांनी करावयाची प्रतवारी रूढ झाली असून भारतीय नाणीही तिच्या कक्षेत आली आहेत. ही पद्धती कशासाठी निर्माण झाली, ती काय मोजते आणि काय मोजत नाही, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

या प्रतवारीचा उगम सुवर्णनाण्यांत नसून तांब्याच्या नाण्यांत आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथात १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी सुचविली. जेमतेम ओळखू येईल इतके झिजलेले नाणे १, आणि ठशातून निघाले तसे निर्दोष राहिलेले नाणे ७०. या आकड्यांमागे किंमतीचे गणित होते : पहिल्या श्रेणीच्या नाण्यास एक डॉलर पडत असेल, तर सत्तराव्या श्रेणीच्या त्याच नाण्यास सत्तर डॉलर पडावेत. बाजारभाव बदलताच हे गणित चुकले. आकडे मात्र टिकून राहिले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने त्यांचा स्वीकार केला आणि ते सोन्यारुप्याच्या नाण्यांनाही लागू झाले. १९८६ व १९८७ पासून नाणे तपासून, आकडा देऊन, पारदर्शक पेटीत कायमचे बंद करून देणाऱ्या व्यावसायिक संस्था अस्तित्वात आल्या. एका विशिष्ट काळातील एका धातूच्या एका नाण्याचा भाव ठरविण्यासाठी योजलेले माप अशा रीतीने सर्वसाधारण माप होऊन बसले.

या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘बरे’ ही विशेषणे विक्रेत्याच्या तोंडी एक अर्थ धारण करीत आणि ग्राहकाच्या कानी दुसरा; त्यांच्या जागी काहीसे निश्चित परिमाण आले. तिऱ्हाइताने तपासणी केल्यामुळे बनावट नाण्यांना काही प्रमाणात आळा बसला. आणखी एक उपकार असा की, घासूनपुसून चकचकीत केलेल्या नाण्याची प्रत उतरते हे कळल्यामुळे नाणी उजळण्याची घातक सवय कमी झाली. सोने मृदू असल्यामुळे अशा उजळणीचा अपाय सुवर्णनाण्यांना विशेष होतो. इतके श्रेय प्रतवारीस दिलेच पाहिजे.

तथापि, कोणत्याही मापाच्या मुळाशी एक गृहीत असते. येथील गृहीत असे की, नाणे टांकसाळीतून बाहेर पडते त्या क्षणी ते पूर्ण असते आणि पुढे त्याच्या बाबतीत जे घडते ती केवळ हानी होय. यंत्राने पाडलेल्या नाण्यांना हे गृहीत बरेचसे लागू पडते. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांनी घडविलेले व १९०७ पासून प्रचारात आलेले वीस डॉलरांचे ‘डबल ईगल’ हे सुवर्णनाणे घेतले, तर एका वर्षाच्या व एका टांकसाळीच्या लक्षावधी नाण्यांत वजन, आकार, लेख सर्व सारखेच असते. भेद उरतो तो ओरखड्यांचा व झिजेचा. तेथे आकडा सार्थ ठरतो. पण तेथेही तो सर्वस्व नव्हे. १९३३ साली पाडलेल्या ४,४५,५०० डबल ईगल नाण्यांपैकी एकही रीतसर चलनात आले नाही. सुवर्णचलन बंद झाल्यामुळे ती बहुतेक सर्व वितळविण्यात आली. जे एक नाणे खासगी मालकीत राहण्यास कायद्याची मान्यता मिळाली, ते २००२ मध्ये सुमारे ७६ लाख डॉलरांस व २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरांस विकले गेले. ही किंमत पृष्ठभागाच्या तकाकीची नसून त्या नाण्याच्या वृत्तान्ताची आहे, हे उघड आहे.

प्राचीन भारतीय सुवर्णनाण्यांकडे वळताच या गृहीताचा पायाच डळमळू लागतो. गुप्त सम्राटांचे दीनार हातांनी ठोकलेले आहेत. सोन्याची चकती ठशापेक्षा पुष्कळदा लहान असे, आणि घाव मध्यावरून ढळला म्हणजे कडेने कोरलेल्या लेखाचा काही भाग चकतीबाहेर जाई. त्यामुळे कडेचा संपूर्ण लेख एकाच नाण्यावर मिळणे हा अपवाद होय. हे लेख संस्कृत असून त्यांतील अनेक छंदोबद्ध आहेत. एका नाण्यावर पहिली चार अक्षरे, दुसऱ्यावर मधली सहा, तिसऱ्यावर शेवटची दोन, अशी जुळणी करून आणि छंदाच्या मात्रांचा आधार घेऊन अभ्यासकांनी ते सिद्ध केले. या कार्यात मध्यभागी सुरेख छाप असलेल्या, परंतु कडेची अक्षरे गमावलेल्या नाण्याचा उपयोग मर्यादित असतो. उलट राजाची आकृती अर्धी कापली जाऊन एका बाजूची तीन दुर्मिळ अक्षरे राखणारे वेडेवाकडे नाणे अमोल ठरते. प्रतवारी पहिल्यास वर बसवील व दुसऱ्यास खाली. नाण्यातून काय नाहीसे झाले, हे ती मोजते. अन्यत्र न मिळणारे असे त्यात काय उरले आहे, हा संशोधकाचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

यावर असे उत्तर देण्यात येईल की, प्राचीन नाण्यांसाठी काही संस्था सत्तरांचा आकडा न वापरता शब्दांनी श्रेणी देतात आणि छापाची सफाई व पृष्ठभागाची स्थिती यांना पाचांपैकी वेगवेगळे गुण देतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तीमुळे तपशील वाढतो. दृष्टिकोन बदलत नाही. दोन्ही गुण अखेर डोळ्यांना दिसणाऱ्या सौष्ठवाचेच आहेत.

भारतीय परंपरेतील नाणेपरीक्षा या दृष्टीने तुलनेस घेण्यासारखी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी सांगितला आहे. व्यवहारात कोणते नाणे चालावे व राजकोशात कोणते स्वीकारावे, हे पाहणे त्याचे काम. पुढील काळात सराफ व पोतदार हेच कार्य कसोटीच्या दगडावर व तराजूत करीत आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा आकारीत. त्यांची दृष्टी व्यवहाराचीच होती, हे खरे. पण ती नाण्याच्या अंतरंगात शिरत असे. गुप्तकाळाच्या उत्तरार्धात सुवर्णनाण्यांचे वजन वाढत गेले आणि सोन्याचा कस मात्र उतरत गेला, ही त्या साम्राज्याच्या आर्थिक इतिहासातील महत्त्वाची घटना तराजू व कस यांच्याच साहाय्याने उघडकीस आली. सौष्ठवाच्या आकड्यात तिचा मागमूसही लागत नाही.

प्रतवारीचा सर्वात गंभीर दोष मात्र याहून निराळा आहे. ती प्रत्येक नाण्याचा विचार एकाकी करते. याची हानी किती, हे दोन निधींच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १७८३ मध्ये कलकत्त्याजवळ कालीघाट येथे सुमारे दोनशे गुप्त सुवर्णनाणी सापडली. ती वॉरन हेस्टिंग्जने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे इंग्लंडला पाठविली. त्यांतील काही संग्रहालयांना व संग्राहकांना वाटण्यात आली, उरलेली वितळविण्यात आली. त्या निधीत कोणाची किती नाणी होती, ती किती झिजलेली होती, कोणती नाणी कोणत्या नाण्यांच्या सोबत होती, याचा पूर्ण हिशोब पुन्हा कधीही लागणार नाही. वाटली गेलेली नाणी सुरक्षित राहिली. निधी मात्र नष्ट झाला.

याउलट फेब्रुवारी १९४६ मध्ये तत्कालीन भरतपूर संस्थानातील बयाना येथील निधी होय. शेतात सापडलेल्या तांब्याच्या भांड्यातील काही नाणी येथेही वितळली गेली; परंतु १८२१ नाणी हस्तगत झाली, आणि मूळच्या कोल्हापूरकडील अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९५४ मध्ये त्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. पहिल्या चंद्रगुप्ताची १०, समुद्रगुप्ताची १८३, काचाची १६, दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ आणि स्कंदगुप्ताचे १ अशी त्यांची वाटणी आहे. या यादीतील शेवटचा आकडा विशेष बोलका आहे. स्कंदगुप्ताचे ते नाणे एकटे लिलावात आले असते, तर त्याच्या रूपावरून त्यास एक श्रेणी मिळाली असती. इतर १८२० नाण्यांच्या सोबत राहिल्यामुळे ते संपूर्ण निधीचा काळ सांगते : निधी स्कंदगुप्ताच्या कारकीर्दीच्या आरंभी भूमीत गेला असावा, असा तर्क त्याच्या आधारे करता येतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या ‘चक्रविक्रम’ प्रकाराचीही तीच गोष्ट. त्याचे एकच नाणे त्या निधीत मिळाले. पूर्वी अज्ञात असलेल्या प्रकाराचे एकुलते एक नाणे एखाद्या विक्रेत्याच्या पेटीतून प्रकट झाले असते, तर त्याच्या खरेपणाविषयी शंका घेणे अभ्यासकांना भागच पडले असते. त्याच्या बाजूने साक्ष दिली ती त्याच्या सोबतच्या नाण्यांनी.

झिजेच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. निधीतील कोणती नाणी अधिक झिजली आहेत व कोणती नवी आहेत, यावरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे प्रतवारी ज्या झिजेस उणेपणा मानते, तीच झीज नाणकशास्त्रात पुरावा म्हणून उपयोगी पडते. चांगली नाणी निवडून ठेवावीत व झिजलेली आटवावीत, हा क्रम म्हणूनच पुरावा निवडून नष्ट करण्यासारखा आहे.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास हा प्रश्न घरातील दागिन्यांच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचतो. व्हेनिसचे डुकाट हे जवळजवळ शुद्ध सोन्याचे, सुमारे साडेतीन ग्रॅमचे नाणे व्यापाराच्या ओघात पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावरील मानवाकृतींमुळे त्यास ‘पुतळी’ हे नाव पडले आणि ते माळेत ओवले गेले. पुढे सोनारांनी त्याच्या नकला घडविल्या व पुतळ्यांची माळ हा दागिनाच रूढ झाला. ज्या नाण्यास कडी लावलेली होती, त्यास आजच्या प्रतवारीत पूर्ण आकडा मिळत नाही. कडी काढल्याचा दोष नमूद करून त्याची बोळवण होते. परंतु कडीचा तो डाग म्हणजे परदेशी नाणे चलनातून निघून स्त्रीधनात कसे शिरले, याची खूण आहे. तो डाग पुसण्यासाठी कड घासली, तर ती खूण जाते आणि नाण्याचे वजनही घटते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेला शिवछत्रपतींचा सुवर्णहोन तर इतका दुर्मिळ आहे की, त्याच्या प्रत्येक अस्सल नाण्याचे वजन, ठसा व प्राप्तिस्थान यांची नोंद हाच अभ्यासाचा पाया होय. त्याच्या पुढे आकडा कोणता, हा प्रश्न गौण आहे.

शेवटी, ज्यांनी ही श्रेणी निर्माण केली त्यांच्याच बाबतीत घडलेली एक गोष्ट मननीय आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील कित्येक उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी कमी प्रतीचे सेंट शेल्डन यांनी ठेवले होते, असे त्यांच्या मृत्यूनंतर निष्पन्न झाले. ही अदलाबदल उघड झाली ती मूळ नाण्यांच्या जुन्या छायाचित्रांमुळे. एका श्रेणीची अनेक नाणी असू शकतात. परंतु विशिष्ट ओरखडा विशिष्ट जागी असलेले नाणे एकच असते. नाण्याची ओळख त्याच्या वर्णनात असते, श्रेणीत नसते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

प्रतवारी टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. बाजारास माप लागते आणि ते त्याने वापरावे. पण आकड्याच्या सोबत वजन, ठशांची परस्परदिशा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वाचता येणारी अक्षरे, कडी वा छिद्र यांच्या खुणा, पूर्वीचे संग्रह आणि ज्ञात असल्यास प्राप्तिस्थान, इतकी नोंद असावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेलेच आहे. त्याचा हेतू निधी अखंड राहिला तरच सफल होतो. संग्रहालयांनीही केवळ हीन प्रतीची म्हणून ‘दुबार’ नाणी काढून टाकण्यापूर्वी प्रत्येकाची कड पाहिली पाहिजे. अन्यत्र न मिळणारे एखादे अक्षर नेमके तेथे उरलेले असण्याचा संभव असतो.