श्वासमापनातील ‘अपेक्षित’ मूल्य

केळशीच्या एखाद्या खलाशाने स्पायरोमीटरमध्ये जोराने श्वास सोडला, की संगणकाच्या पडद्यावर दोन आकडे शेजारीशेजारी उमटतात : एक मोजलेला, दुसरा ‘अपेक्षित’. पहिला लिटरांतील प्रत्यक्ष मापन होय; दुसरा म्हणजे वय, उंची व लिंग यांवरून संदर्भसूत्राने काढलेली निरोगी समूहाची सरासरी. ‘अपेक्षित’ ह्या शब्दामुळे मात्र ती त्या माणसाच्या फुप्फुसांकडूनच केलेली अपेक्षा भासते. ती कोणत्या समूहावरून बांधली, हे शब्द सांगत नाही. २०१२ च्या जागतिक सूत्रांत चार वंशगट होते. भारतीयांचा स्वतंत्र गट नव्हता. ‘इतर’ ह्या पाचव्या नावाखाली त्या चार गटांचीच सरासरी दिली होती. म्हणजे ‘इतर’मध्ये इतर कोणीच नव्हते! २०२२ च्या सूत्राने वंशभेद वगळला. ‘अपेक्षित’ हा शब्द तेवढा राहिला.

नोंदीत केवळ टक्केवारी ठेवण्याचा प्रघात म्हणूनच सदोष ठरतो. लिटर, सूत्राचे नाव आणि त्याचे वर्ष ही तिन्ही एकत्र हवीत. नाहीतर दापोलीस एका सूत्राने काढलेली टक्केवारी मुंबईच्या दुसऱ्या सूत्राशेजारी ठेवली जाईल, आणि श्वास तेवढाच असता खलाशाचे फुप्फुस खालावल्याचे कागदावर दिसेल.