वाढीव वर्षांचा हिशेब

माझी आई ९१ वर्षे जगली. त्यातली शेवटची सहा वर्षे ती पलंगावर होती. कर्करोग नाही, पक्षाघात नाही. एके सकाळी मोरीत पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्यानंतर ती आधाराशिवाय उभी राहिली नाही. भेटायला येणारे ‘भाग्यवान हो, नव्वदी पाहिली’ म्हणत, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करी. त्यामुळे दीर्घायुष्याच्या वैद्यकावरचे बरेच चर्चेत आलेले पुस्तक, पीटर अटिया यांचे ‘आउटलिव्ह’ (२०२३), मी हातात घेतले ते तटस्थ वाचक म्हणून नव्हे. तीस वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवल्यामुळे थोडा संशयही सोबतीला होता.

अटिया शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण अर्धवट सोडून वैद्यकाच्या या शाखेत आले. बिल गिफर्ड या पत्रकाराच्या साहाय्याने त्यांनी हे पुस्तक लिहिले आहे. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, किती वर्षे जगलो आणि त्यातली किती वर्षे धडधाकट जगलो, हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि आजचे वैद्यक पहिलाच मांडते. हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंशासारखे मेंदूचे आजार आणि मधुमेहाचे कुटुंब हे म्हातारपणाचे चार मारेकरी. ते दिसू लागण्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेले असतात. डॉक्टर मात्र पुढच्या दहा वर्षांतला धोका मोजून पस्तिशीच्या माणसाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवतात.

हा आक्षेप मला पटतो. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते सुमारे २२ आणि तीनचतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रोहिण्यांत विकृतीच्या खुणा होत्या. म्हणजे रोगाची सुरुवात विशीत आणि चौकशी पन्नाशीत! वर्गात ही आकडेवारी मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे; स्वतःचे कोलेस्टेरॉल मात्र पहिल्यांदा तपासले ते ५१व्या वर्षी.

पुस्तकाचा सर्वांत सकस भाग व्यायामाचा आहे, आणि घसरगुंडीही तिथूनच सुरू होते. अटिया सांगतात की शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता हा आयुर्मानाचा अत्यंत बलवान निर्देशक आहे. पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ट्रेडमिलवर चाचणी झालेल्या १,२२,००७ जणांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सर्वांत तंदुरुस्त गटाच्या तुलनेत सर्वांत कमकुवत गटातले मृत्यूचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. पण हा निरीक्षणातून आलेला संबंध आहे. जो आधीच निरोगी आहे, ज्याच्या जनुकांनी साथ दिली आहे, ज्याला पळायला वेळ आणि मैदान आहे, तोच ट्रेडमिलवर पुढे जातो. तंदुरुस्तीमुळे आयुष्य वाढले किती आणि दोन्हींच्या मागे तिसरेच काही किती, याची फोड त्या आकड्यातून होत नाही. अटिया हे जाणतात, एखाद्या वाक्यात कबूलही करतात. पण पुढच्या पानावर तोच आकडा औषधाच्या मात्रेसारखा वापरतात.

हाताच्या पकडीचेही तसेच. पकड कमी असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, हे १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या पाहणीतून २०१५ साली पुढे आले. त्यात भारतही होता. पण पकड ही सबंध शरीराच्या स्नायूंची बातमी देणारी खिडकी आहे. खिडकी पुसली म्हणून घरातली हवा बदलत नाही. बाजारात मिळणारी ती स्प्रिंग रोज शंभरदा दाबणारे माझे एक स्नेही आहेत. जिना मात्र ते टाळतात.

तरीही या प्रकरणांतली एक कल्पना मला विसरता येत नाही. शंभराव्या वर्षी तुम्हाला काय काय करता यायला हवे त्याची यादी करा आणि तिथून मागे मोजत या, असे अटिया सांगतात. जमिनीवरून उठणे, नातवंडाला उचलणे, सामानाची पिशवी वाहणे. दर दशकाला ताकद घटते, म्हणून आज गरजेपेक्षा कितीतरी अधिक साठा हवा. आईच्या संदर्भात मी हे गणित मांडून पाहिले. साठीपर्यंत ती पाटावर बसून जेवत होती. मग ‘तिला त्रास नको’ म्हणून आम्ही टेबल-खुर्ची आणली. उठबस संपली. आम्ही प्रेमाने केले ते हेच.

औषधांच्या बाबतीत अटिया इतरांपेक्षा संयमी आहेत. डेव्हिड सिंक्लेअर यांच्या संशोधनाने गाजलेल्या रेसव्हेराट्रॉलवर विसंबून एका औषध कंपनीने २००८ साली ७२ कोटी डॉलरना कंपनी विकत घेतली आणि काही वर्षांतच ते काम गुंडाळले. त्या पदार्थाने निरोगी उंदरांचे आयुष्य वाढत नाही हे स्वतंत्र चाचण्यांत दिसले. अटिया त्या वाटेने जात नाहीत. पण रॅपामायसिनपाशी त्यांचाही तोल जातो. ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालेल्या या द्रव्याने उंदरांचे आयुष्य वाढते, हे २००९ साली सिद्ध झाले. माणसांबद्दल तसा पुरावा नाही. तरी आपण ते घेतो, असे ते लिहितात. बाकी सर्वत्र पुरावा मागणाऱ्या लेखकाची ही सवलत खटकते.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. अटियांचा माणूस पुस्तकात प्रवेश करतो तो साधारण चाळिशीत, हाती पैसा घेऊन. त्याच्या आधीचे त्याचे शरीर जणू कोरी पाटी. आपल्याकडे ती कोरी नसते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने दाखवून दिले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयवांत. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, पण आतून चरबी बाळगणारे बाळ. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही त्याचा असा पुरावा क्वचितच कुणी स्वतःच्या अंगावर दिला असेल.

स्नायूंचा साठा पोटातच कमी पडला असेल, तर मागे मोजत जाण्याचे गणित चाळिशीपाशी कसे थांबणार? ते आईच्या ताटापर्यंत, तिच्या लग्नाच्या वयापर्यंत, कळशा वाहण्याच्या फेऱ्यांपर्यंत जाते. हे प्रतिबंधक वैद्यक एखाद्याला वैयक्तिक सल्ल्यातून विकत घेता येत नाही, आणि म्हणूनच ते अशा पुस्तकांत येत नाही, असा मला संशय आहे.

वाचताना वारंवार डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आठवत राहिले. पुराव्याच्या कसोटीवर ते पुस्तक कमी पडते. डीन ऑर्निश यांचा ज्या प्रयोगावर त्याची भिस्त आहे त्यात जेमतेम ४८ रुग्ण होते. अटिया त्यावर समाधान मानणार नाहीत, मीही नाही. पण बंग सुरुवातच आपण असे का जगत होतो या प्रश्नाने करतात. अटियाही अखेर तिथेच पोहोचतात. बालपणीचे आघात, संताप, मोडू पाहणारा संसार हे सारे ते शेवटच्या प्रकरणात प्रांजळपणे सांगतात, आणि मनाने इतके दुःखी असताना लांब जगायचे कशासाठी, हा प्रश्न मान्य करतात. तो शेवटी येतो, तोवर चारशेच्या आसपास पाने उलटलेली असतात. हे प्रकरण पहिले असते तर मधली कोष्टके कदाचित वेगळी लिहिली गेली असती.

माझी मुलगी पाचव्या महिन्यात आहे. तिने पुस्तक मागितले. व्यायामाच्या तीन प्रकरणांना आणि शेवटच्या प्रकरणाला कागदाच्या खुणा लावल्या, रॅपामायसिनच्या पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि याज्ञिकांच्या निबंधाची प्रत आत घालून दिली. पाट माळ्यावर होता, तो खाली काढला आहे.