दरबार आणि घर

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी कवी टिळकांविषयी आहे. ‘फुलांमुलांचे कवी’ ही त्यांची ओळख शाळकरी मुलांनाही असते. परंतु आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत या कवीने ख्रिस्ती मंडळी कशी असावी याविषयी एक स्वतंत्र विचार मांडला, आणि तो आचरून पाहण्याचा प्रयत्नही केला. त्या विचाराकडे आमच्या कॅथलिक वाचकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. टिळक मूळचे दापोली तालुक्यातल्या करजगावचे, म्हणजे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्याचे. एवढ्या कारणाने का होईना, तो विचार पुन्हा तपासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. पुढे सुमारे बावीस वर्षे ते अमेरिकन मिशनच्या सेवेत होते. १९१७ साली त्यांनी ही पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ असावा, त्याने आणखी एक पंथ होऊ नये, आणि परदेशी पैशावर व परदेशी वळणावर तो उभा राहू नये, असा त्यांचा हेतू होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले. त्यांच्या पश्चात दरबार संघटना म्हणून फार काळ टिकला नाही.

‘दरबार’ हा शब्द कवीने सहज योजलेला नाही. दरबारात गादी एकच असते. ती ख्रिस्ताची म्हटली की मिशनरी, पाळक, पंच, गरीब, श्रीमंत हे सारे एकाच पायरीवर उभे राहतात. त्या काळच्या मंडळ्यांत मिशनरी देणारा व देशी ख्रिस्ती घेणारा, हे नाते मुरलेले होते. त्यावर याहून नेमके बोट क्वचितच कोणी ठेवले असेल. रूपकाचे हे बळ आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु रूपकाचे उणेपणही त्याच ठिकाणी आहे. दरबारात माणसे राजाकडे पाहतात. एकमेकांकडे पाहण्याचे त्यांना कारण पडत नाही. आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसावे, पोरक्या लेकराला कोणी जेवू घालावे, हिशेब कोणी ठेवावा आणि संस्थापक गेल्यावर पुढे कोणी चालवावे, या प्रश्नांना दरबाराच्या कल्पनेत उत्तर नाही. टिळकांना वारकरी परंपरेची ओढ होती. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिले. पण त्या परंपरेची शिस्त त्यांनी तितक्या आवडीने घेतली नाही. साताऱ्याजवळच्याच आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला घडी घालून दिली. रथापुढे कोणती दिंडी, रथामागे कोणती, वीणा कोणाच्या गळ्यात, चोपदाराने केव्हा चोप उंचवावा, हे सारे ठरलेले असते. हैबतबाबा जाऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी दिंडी चालते आहे. भक्तीला व्यवस्था मारक ठरते, असे म्हणणाऱ्यांनी आषाढात एकदा वाटेवर उभे राहून पाहावे.

मग टिळकांचा विचार फसला असे म्हणावे काय? आमचे मत तसे नाही. त्याचे उत्तर आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये सापडते. १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलेले हे आत्मचरित्र आपण त्यातल्या निर्मळ विनोदासाठी वाचतो. मंडळीच्या घडणीचा पुरावा म्हणून ते वाचले, तर वेगळेच काही हाती लागते. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळे शाबूत होते; चूलही वेगळी होती. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांना उमगले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी केला. हे घडले ते त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधी! ख्रिस्ती मंडळीचा उंबरठा त्यांनी प्रथम पाण्याच्या तांब्यापाशी ओलांडला. पाण्याचा संस्कार त्यानंतर झाला.

पुढे नगरच्या घरी पोरकी मुले आली, अडलेनडलेले आले. बालकवी ठोमरे आले. ते हिंदूच राहिले आणि तरी त्या घरचे झाले. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले एका पंगतीला बसत होते ते साताऱ्याच्या दरबाराच्या कितीतरी आधी, नगरच्या स्वयंपाकघरात. टिळकांनी १९१७ साली ज्याची घोषणा केली, ते लक्ष्मीबाई वर्षानुवर्षे रांधून वाढीत होत्या. त्या श्रमांना दरबाराच्या आराखड्यात मानाची जागा नव्हती. आमच्या मते दरबाराची खरी उणीव ती हीच.

कॅथलिक दृष्टीने येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेचे दार आहे, आणि दार सोडून भिंतीतून वाट काढता येत नाही. तरीही दीक्षार्थींना ख्रिस्तसभा आपलेच मानून प्रेमाने जवळ घेते, असे १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लूमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात सांगितले. त्याच दस्तऐवजात ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण आधी येते, अधिकारश्रेणीचे नंतर. हा क्रम टिळकांना निश्चित रुचला असता. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार धर्मग्राम म्हणजे इमारत नव्हे, तर श्रद्धावंतांचा समुदाय होय. तिने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक केली. पाळकीय मंडळ मात्र महागुरुस्वामींच्या विचारावर सोपवले आणि त्याला केवळ सल्ल्याचा अधिकार दिला. अशी सहभागाची मंडळे अनिवार्य असावीत, असा आग्रह २०२४ च्या ऑक्टोबरात सिनडच्या अंतिम दस्तऐवजात धरला गेला. पैशाचा हिशेब आधी सक्तीचा झाला आणि माणसांचा विचार चाळीस वर्षांनी, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या कोकणात हा प्रश्न ग्रंथातला नाही. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्यात रत्नागिरी जिल्हा आला. येथील कुटुंबे थोडी आणि दूरदूर विखुरलेली. तरुण मुंबईस जातात, नाताळात आणि मे महिन्यात चार दिवस दिसतात. धर्मगुरूची बदली ठरल्या वेळी होते. तो गेल्यावर जे धर्मशिक्षण, जी प्रार्थना, जी आजाऱ्याची विचारपूस चालू राहते, तेवढाच खरा धर्मग्राम; बाकीचा दरबार. आणि जे चालू राहते ते बहुधा बायाबापड्यांच्या हातून, ज्यांची नावे कोणत्याही समितीच्या फलकावर नसतात.

म्हणून टिळकांपासून आम्ही एक गोष्ट घ्यावी आणि एक घेऊ नये. गादी एकाचीच आहे, हे भान त्यांच्यापासून घ्यावे. गादी मान्य केली की मंडळी आपोआप उभी राहते, हा विश्वास घेऊ नये. ती कशी उभी राहते, हे जाणणाऱ्यांनी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडावी. आणि धर्मग्रामाच्या पुढल्या बैठकीस ज्यांना आजवर केवळ चहा करण्यासाठी बोलावले, त्यांना बोलण्यासाठी बोलवावे.